‘सायन्स घेऊन ठेव, दारं उघडी राहतात’ हे किती खरं? अकरावीचे विषय निवडण्याआधी एवढं बघा

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. सव्वा एकपर्यंत टक्के व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर झळकतात आणि दीड वाजता मामाचा फोन येतो. मामा आधी अभिनंदन करतो आणि लगेच विचारतो, “मग, सायन्सच ना?”

पोरगं गप्प बसलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. “अरे घेऊन ठेव. सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात.”

महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हे वाक्य दरवर्षी बोललं जातं आणि त्याच्या जोरावर पुढची दोन वर्षं ठरतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कळतं ते अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर, आणि तोवर फी भरून झालेली असते.

तर हे अर्धं वाक्य नीट उलगडून बघूया.

आधी एक गोष्ट: अकरावी ‘कॉलेज’मध्ये का असते?

घरातले आजोबा “मी जुनी अकरावी पास” असं सांगतात, कारण त्यांच्या काळी मॅट्रिक अकरावीला असायची. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने १०+२+३ अशी रचना सुचवली. महाराष्ट्राने ती सत्तरच्या दशकात स्वीकारली. मग मधली दोन वर्षं कुठे शाळेला जोडली गेली, तर कुठे सीनियर कॉलेजला. त्यातूनच ‘ज्युनियर कॉलेज’ जन्माला आलं.

याचा परिणाम आजही दिसतो. सीबीएसईचं मूल बऱ्याचदा त्याच शाळेत, त्याच बाकावर अकरावीला बसतं. राज्य मंडळाचं मूल मात्र साधारण सोळाव्या वर्षी शाळा, शिक्षक, मित्र, युनिफॉर्म आणि बऱ्याचदा शिकण्याची भाषाही एकाच महिन्यात बदलतं. वर्गात शंभर मुलं असतात आणि गैरहजर राहिलं तरी घरी फोन जाईलच असं नाही. म्हणजे अकरावीला दोन बदल एकदम येतात. एक विषयांचा, दुसरा राहणीचा. चर्चा मात्र फक्त पहिल्याची होते.

दारं खरंच उघडी राहतात का?

मामाचं म्हणणं कुठे बरोबर आहे ते आधी बघू.

बारावी सायन्स झालेला विद्यार्थी पुढे बीए, बीकॉम, लॉ, हॉटेल मॅनेजमेंट, डिझाइन, काहीही करू शकतो. उलट मात्र होत नाही. आर्ट्स किंवा कॉमर्समधून बारावी झालेल्याला एमबीबीएस किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीला जाता येत नाही. दार एकाच बाजूने उघडतं, हे खरं.

पण ज्या दारांसाठी सायन्सची गरजच नाही, अशांची यादीही मोठी आहे. सीए फाउंडेशन कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉसाठी कोणतीही शाखा चालते. एमपीएससी आणि यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षांना पदवी लागते, शाखेची अट नाही. एनडीएत आर्मीसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. एअर फोर्स आणि नेव्हीसाठी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे, की ज्या दारातून जायचंच नाही, ते उघडं ठेवण्यासाठी किंमत किती मोजायची? कारण हे दार फुकट उघडं राहत नाही. त्यात दोन वर्षं जातात, क्लासची फी जाते आणि बऱ्याचदा बारावीचे टक्केही जातात. दहावीला ८५ टक्के असलेला विद्यार्थी न आवडणारं सायन्स रेटत बारावीला ५५ वर आला आणि मग बीएला गेला, तर चांगल्या कॉलेजच्या मेरिट लिस्टमध्ये तो अशा मुलांच्या मागे राहतो, ज्यांनी त्याच दोन वर्षांत आर्ट्स मनापासून केलं.

टक्के काय सांगतात आणि काय लपवतात?

दहावीची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने काढली जाते. म्हणजे सहा विषयांपैकी ज्या पाचांत सर्वांत जास्त गुण आहेत तेच धरले जातात आणि बेरीज ५०० पैकी होते. अकरावीचं मेरिट याच गुणांवर लागतं.

समजा, एका मुलीला मराठीत ८८, हिंदीत ८४, इंग्रजीत ७१, गणितात ६२, विज्ञानात ७६ आणि समाजशास्त्रांत ९० गुण आहेत. सर्वांत कमी गुण गणितात, म्हणून ते बाजूला पडतं. उरलेल्या पाचांची बेरीज ४०९, म्हणजे ८१.८ टक्के. घरात सगळे म्हणतात, “ब्याऐंशी टक्के आहेत, सायन्स आरामात मिळेल.”

मिळेलही. पण जो विषय या टक्क्यांत मोजलाच गेला नाही, त्याच विषयावर सायन्समधली दोन वर्षं उभी असतात. इंजिनिअरिंगसाठीच्या एमएचटी-सीईटीत पीसीएम गटाचे एकूण २०० गुण असतात आणि त्यातले १०० एकट्या गणिताचे. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला मिळून उरलेले १००.

म्हणून निकाल हातात आला की टक्केवारीच्या आधी मार्कशीटमधली प्रत्येक ओळ वाचायला हवी. त्यातही पाठ करून मिळालेले गुण आणि समजून मिळालेले गुण वेगळे असतात. हे मार्कशीटवर दिसत नाही, पण विद्यार्थ्याला स्वतःला बरोबर ठाऊक असतं. त्याला कोणी विचारत नाही, एवढंच.

शाखा ठरली, तरी निवड संपत नाही

‘सायन्स’ हा एक विषय नाही. फॉर्म भरल्यानंतर कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून दोन मिनिटांत जे विषय टिक केले जातात, तिथे खरी दारं उघडतात किंवा बंद होतात.

*गणित की जीवशास्त्र?* इंग्रजी, दुसरी भाषा, फिजिक्स आणि केमिस्ट्री यांच्यासोबत गणित घेतलं की पीसीएम, जीवशास्त्र घेतलं की पीसीबी आणि दोन्ही घेतले की पीसीएमबी. इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरला गणित लागतं. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्र लागतं. बी. फार्मसी आणि बीएस्सी अॅग्रीकडे दोन्ही गटांतून जाता येतं.

*दोन्ही ठेवावेत का?* खरंच ठरत नसेल, तर अकरावीला दोन्ही ठेवण्यात अर्थ आहे. पण नीट आणि सीईटी किंवा जेईई अशी दोन्ही बाजूंची तयारी एकदम करायची म्हटलं, तर आठवड्याचे तास पुरत नाहीत. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असतात, पीसीएमच्या सीईटीत निम्मे गुण गणिताचे. दोन्ही परीक्षांचा निम्मा भार वेगवेगळ्या विषयांवर आहे. त्यामुळे ‘दोन्ही ठेवू, बघू’ हे काही महिन्यांपुरतं ठीक आहे, दोन वर्षांसाठी नाही.

*‘गणित नको म्हणून पीसीबी’ हा हिशेब चुकतो.* गणित सोडलं तरी फिजिक्स सोडत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात व्हेक्टर येतात आणि कॅल्क्युलसची तोंडओळखही होते. गणिताची भीती असेल, तर तिच्यापासून पळण्यापेक्षा दहावीचं बीजगणित सुट्टीत पक्कं करणं जास्त स्वस्त पडतं.

*बायफोकल म्हणजे काय?* कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखे द्विलक्षी विषय २०० गुणांचे असतात आणि दुसरी भाषा व आणखी एक विषय यांच्या जागी येतात. यात स्कोअरिंगची संधी असते, म्हणून मागणीही भरपूर असते. मात्र जीवशास्त्राची जागा बायफोकलला दिली, की मेडिकलचा रस्ता त्या वेळेपुरता बंद होतो. आयटी हा वेगळा विषय आहे. तो १०० गुणांचा असतो आणि दुसऱ्या भाषेऐवजी घेता येतो.

कॉमर्समध्येही असाच एक फाटा आहे. इंग्रजी आणि दुसऱ्या भाषेसोबत पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे विषय येतात आणि बऱ्याच कॉलेजांत ‘एसपी की मॅथ्स’ असा प्रश्न विचारला जातो. एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. ते सोपं म्हणून बहुतेक जण तिकडे वळतात. पण पुढे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा डेटाशी संबंधित काही करायचं मनात असेल, तर मॅथ्स सोडणं महागात पडतं. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी मॅथ्स लागतंच. कॉमर्सची एक जमेची बाजू फारशी कोणी सांगत नाही. अकाउंट्स सगळ्यांनाच नवीन असतं. दहावीला मागे पडलेल्यालाही तिथे शून्यापासून, सगळ्यांच्या बरोबरीने सुरुवात करता येते.

आर्ट्समध्ये इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तर्कशास्त्र असे विषय आहेत. पण प्रत्येक कॉलेजमध्ये प्रत्येक विषय नसतो. मानसशास्त्र शिकायचं म्हणून आर्ट्स घेतलं आणि कॉलेजमध्ये तो विषयच नाही, असं व्हायला नको. प्रवेशाआधी एक फोन पुरतो.

आणि अकरावी हा एकच रस्ता नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला, की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हाताने काम करायची आवड असेल आणि लवकर कमवायचं असेल, तर आयटीआय आहे. ‘मार्क कमी पडले म्हणून’ तिकडे जाणं वेगळं आणि ठरवून जाणं वेगळं. ठरवून गेलेली मुलं तिथे चांगली चमकतात.

फॉर्म भरताना कुठे फसायला होतं?

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. २०२५ साली ती पहिल्यांदा संपूर्ण राज्यासाठी लागू झाली. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या पालकांसाठीही फॉर्म, पसंतीक्रम आणि फेरी हे शब्द रोजचे झाले.

नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका वाचायलाच हवी. तरी २०२५च्या प्रक्रियेतल्या काही गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट पसंतीक्रमाची. फॉर्ममध्ये किमान एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरता येत होती. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक होतं. घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर. म्हणून मित्राने टाकलं म्हणून किंवा नाव मोठं आहे म्हणून कोणतंही कॉलेज पहिलं टाकू नये. जिथे मिळालं तर आनंदाने जाऊ, तेच पहिलं. बाकीच्या यादीत काही कॉलेजं गेल्या वर्षीच्या कटऑफच्या जरा वरची, काही आपल्या गुणांच्या जवळची आणि दोन-तीन हमखास मिळतील अशी असावीत.

दुसरी गोष्ट कोडची. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेच्या अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित अशा वेगवेगळ्या तुकड्या असू शकतात. इमारत तीच असते, बऱ्याचदा शिक्षकही तेच असतात, पण फी वेगळी. प्रत्येकाचा कोड वेगळा असतो आणि घाईत चुकीचा कोड टाकला, तर फीचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. माध्यमही याच कोडमध्ये दडलेलं असतं.

तिसरी गोष्ट कोट्याची. इनहाउस कोटा १० टक्के असतो, तो त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी. व्यवस्थापन कोटा ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांमध्ये त्या समाजासाठी ५० टक्के. यातल्या एखाद्यात आपण बसतो का, हे आधीच तपासावं.

चौथी गोष्ट अंतराची. नामांकित कॉलेज दीड तासावर असेल, तर रोजचे तीन तास प्रवासात जातात. दोन वर्षं हे चालतं आणि अभ्यासाचे तास त्यातूनच कापले जातात. खेड्यातून येणाऱ्यांनी एसटीची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळते का, हे कटऑफइतकंच गंभीरपणे बघावं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीत मिळतो. पण शेवटची गाडी साडेपाचला असेल आणि प्रॅक्टिकल सहाला संपत असेल, तर पास असून उपयोग नाही.

कागदपत्रांचंही तसंच. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांसाठी निकालानंतर सेतू केंद्रावर झुंबड उडते. ते काम एप्रिलमध्येच उरकावं. आरक्षणातून पुढे इंजिनिअरिंग, मेडिकल किंवा फार्मसीला जायचं असेल, तर जात पडताळणीचा अर्ज ज्युनियर कॉलेजमध्ये असतानाच करून ठेवावा. बारावीनंतर मिळालेली जागा या एका कागदापायी अडकल्याची उदाहरणं दर जुलैत दिसतात.

सर्वांत मोठी उडी: भाषा

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या आणि सायन्सला जाणाऱ्या मुलांची खरी अडचण इथे आहे. आर्ट्स आणि कॉमर्स मराठीतून करता येतं. सायन्स मात्र जवळपास सगळीकडे इंग्रजीतूनच शिकवलं जातं.

काल ज्याला ‘त्वरण’ म्हणत होते, ते आज ‘अॅक्सिलरेशन’ होतं. ‘संवेग’चं ‘मोमेंटम’, ‘अपवर्तन’चं ‘रिफ्रॅक्शन’, ‘संयुजा’चं ‘व्हॅलन्सी’, ‘परासरण’चं ‘ऑस्मॉसिस’. मुलाला संकल्पना येत असते, पण शब्द ओळखीचा नसतो. वर्गात सगळे माना डोलावत असतात, म्हणून तो हात वर करत नाही. दोन महिन्यांत त्याला वाटायला लागतं, की आपल्याला सायन्सच जमत नाही. खरं तर अडलेलं असतं ते फक्त भाषांतर.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहे आणि धडे तेच आहेत. सुट्टीत दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून रोज एक धडा वाचायचा. आशय आधीच माहीत असल्यामुळे इंग्रजी वाक्य आपोआप उलगडत जातं. एका वहीत डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी शब्द लिहीत गेलं, तर कॉलेज सुरू होईपर्यंत स्वतःचा शब्दकोश तयार होतो. मग वर्गात सर ‘रिफ्रॅक्शन’ म्हणाले, की पोरगं घाबरत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. नीट आणि जेईई मेन या परीक्षांचा पेपर मराठीतही उपलब्ध असतो.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष?

“दहावीला खूप अभ्यास केला, बारावीला परत करायचाच आहे, अकरावीत जरा मजा कर.” हा सल्लाही पिढीजात आहे. बोर्डाची परीक्षा नसल्यामुळे तो पटतोही.

पण नीट आणि जेईईचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी मिळून बनलेला आहे. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, बारावीचं गणित आणि फिजिक्स अकरावीच्या पायावरच उभं राहतं. पाया कच्चा असेल, तर बारावीत दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात करावा लागतो.

क्लासबाबतही डोळे उघडे हवेत. काही ठिकाणी कॉलेजात फक्त नाव असतं आणि मूल दिवसभर क्लासमध्ये बसतं. यावर वचक बसावा म्हणून राज्य सरकारने २०१८ मध्ये काही विभागांतल्या सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. प्रॅक्टिकलचे गुण, उपस्थिती आणि प्रयोगशाळेतला हात या गोष्टी क्लासमध्ये मिळत नाहीत. लाखभर रुपये भरण्याआधी महिनाभर कॉलेजचं शिकवणं बघितलं, तर कुठल्या विषयाला क्लास लागेल आणि कुठल्या नाही, हे कळतं.

आणि निवड चुकली तर?

चुकते. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय चुकू शकतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अकरावीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत लक्षात आलं, तर कॉलेजमध्ये जाऊन विषय किंवा शाखा बदलण्याची मुदत कधीपर्यंत आहे, ते लगेच विचारावं. उशीर झाला की हे दार खरंच बंद होतं. पीसीएम घेतल्यावर मेडिकलकडे ओढ वाटली, तरी सगळं संपत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. आणि बारावीनंतर शाखा बदलणं तर हजारो जण करतात.

हे सगळं घरात बोलता यावं, एवढं मात्र सांभाळायला हवं. “आधीच सांगितलं होतं” हे वाक्य ऐकावं लागेल या भीतीने बरीच मुलं जुलैमध्ये कळलेली गोष्ट मार्चपर्यंत लपवतात. मधले आठ महिने वाया जातात ते चुकीच्या विषयामुळे नाही, गप्प बसण्यामुळे.

म्हणून फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी एक साधी गोष्ट करून बघता येईल. ज्या शाखेचा विचार चालू आहे, तिची अकरावीची पुस्तकं डाउनलोड करायची, प्रत्येक विषयाचा एक धडा वाचायचा आणि पुढचा धडा उघडावासा वाटतो का, ते बघायचं. हे विद्यार्थ्याने करायचं आहे, आई-बाबांनी नाही. मग मामाचा फोन आला, तर उत्तर तयार असेल. ते “हो, सायन्सच” असेल किंवा “नाही मामा, कॉमर्स, आणि मॅथ्ससकट” असं असेल. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, फक्त ती स्वतः शोधलेली हवीत.